तेराव्यानंतर : घरातल्या मृत्यूनंतर मानसिक उपचार कसे मिळवायचे (सोलापूरचा माझा अनुभव)

भाऊ रस्त्यावरच्या अपघातात गेला आणि वहिनीच्या उपचारांना सोबत जायचं काम माझ्याकडे आलं. वहिनीचं दुःख मी इथे मांडणार नाही, ते तिचं आहे. सोबत जाताना जे शिकले आणि डॉक्टरांना विचारून पक्कं करून घेतलं, तेवढंच लिहिते. ज्या घरावर अशी वेळ आली आहे, त्या घरातल्या सोबत जाणाऱ्या माणसासाठी हे आहे. औषध डॉक्टर देतात, पण उपचार तडीस जाणार की मध्येच सुटणार, हे बहुतेक वेळा सोबतच्या माणसावर ठरतं. ज्याच्यावर आभाळ कोसळलंय त्याला तारीख, चिठ्ठी, गोळीची वेळ यांतलं काहीही लक्षात राहत नाही. तो आळस नसतो, हट्टही नसतो. अपुरी झोप आणि धक्का यांमुळे स्मरण आणि लक्ष दोन्ही खरंच कमी होतात.

पहिल्या तेरा दिवसांत सहसा डॉक्टरची गरज पडत नाही. घरात माणसं असतात, पाहुणे कडू घास आणतात, चूल कुणीतरी सांभाळतं. या दिवसांत काम साधंच असतं. माणसाच्या पोटात दोन घास आणि पाणी जाऊ द्यायचं, रात्री खोलीत कुणीतरी झोपायचं, बीपी-शुगरच्या चालू गोळ्या चुकू द्यायच्या नाहीत. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळायची : आलेल्या प्रत्येकाने 'कसं झालं ते सांग' म्हणून तिच्याकडून अपघात पुन्हा पुन्हा वदवून घेणं. धक्का बसलेल्या माणसाला एकाच बैठकीत सगळं बोलायला लावल्याने फायदा होत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेचंही मार्गदर्शन आहे. तिला बोलायचं असेल तर ऐकावं, नसेल तर शेजारी बसावं. आम्ही दाराशी एकाला बसवलं होतं. तोच येणाऱ्यांना दोन वाक्यांत सगळं सांगायचा.

बांगड्या फोडणं आणि कुंकू पुसणं होऊ द्यायचं नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्याशी आधीच बोलून ठेवावं. ऐन वेळी वाद घालायचं बळ कुणातच उरत नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने तो कित्ता गिरवण्याचं परिपत्रक काढलं. त्यामागची मोहीम आपल्याच जिल्ह्यातल्या करमाळ्याहून चालली होती. चार माणसांत हे सांगितलं की म्हातारी माणसंसुद्धा ऐकतात. नवरा गेल्याच्या धक्क्यावर हा दुसरा धक्का बसला की पुढे स्वप्नांत अपघाताइतकाच हाही येतो.

खरी परीक्षा पाहुणे गेल्यावर सुरू होते. घर रिकामं होतं, मुलांची शाळा, कारखान्याची पाळी, दूधवाला सगळं पूर्ववत चालू होतं आणि माणूस तिथेच थांबलेला असतो. इथून पुढे नुसतं 'होईल हळूहळू' म्हणून बसू नये, बघत राहावं. दुःख लाटांसारखं येतं. रडू येतं, ओसरतं, मधे मूल काही बोललं तर हसूही येतं, आणि हे सगळं ठीक आहे. जेव्हा दोन आठवडे सलग काहीच हलत नाही, जेवण तुटतं, पहाटे तीनला जाग येऊन डोळा लागत नाही, 'मीच त्यांना जाऊ दिलं' हेच घोळत राहतं, अंघोळसुद्धा डोंगराएवढी वाटते, तेव्हा नैराश्य शिरलेलं असू शकतं. अपघाताच्या धक्क्याच्या खुणा थोड्या निराळ्या असतात : रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकला की अंग थरथरणं, तो रस्ता टाळणं, दृश्य डोळ्यांपुढे जसंच्या तसं उभं राहणं, जराशा आवाजाने दचकणं. हे महिन्यापलीकडे चाललं तर त्यावर वेगळे उपचार लागतात.

'वर्ष होऊ दे, मग बघू' असं आपल्याकडे फार ऐकू येतं. दीर्घकाळ न ओसरणाऱ्या शोकाला आता वैद्यकीय नाव आहे. त्यासाठी आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात किमान सहा महिने आणि अमेरिकन वर्गीकरणात मोठ्यांसाठी बारा महिन्यांची अट आहे. ही अट निदानाचं नाव लिहिण्यापुरती आहे. झोप आणि जेवण तुटलेल्या माणसाने मदतीसाठी इतकं थांबायचं, असं त्यात कुठेही नाही.

पहिलं पाऊल फोनचं. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा मोफत आहे आणि चोवीस तास चालते. आधी भाषा निवडायची, मग समुपदेशक बोलतो आणि गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे फोन जोडून देतो. मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडही आहे, आणि आपल्या गावाला याचा मोठा उपयोग आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत बाहेरचं बोलणं मराठीत आणि रडणं तेलुगूत असतं. दुःख ज्या भाषेत येतं त्या भाषेत बोलू द्यावं. फोन सोबतच्या माणसाने केला तरी चालतो. 'पेशंट बोलत नाही, मी काय करू' एवढं विचारलं तरी नीट उत्तर मिळतं.

दुसरं पाऊल ओपीडीचं. सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. ते डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं असल्याने तिथे शिकाऊ डॉक्टर आधी सविस्तर माहिती घेतात आणि मग वरिष्ठ बघतात. म्हणून सकाळी लवकर जावं, अर्धा दिवस मोकळा ठेवावा, पाण्याची बाटली आणि डबा बरोबर घ्यावा. 'वेड्यांच्या डॉक्टरकडे नेता का' हा प्रश्न घरात येतोच. त्यावर वाद न घालता 'झोपेसाठी दाखवून येऊ' म्हणावं. ते खरंही असतं, कारण पहिली तक्रार झोपेचीच असते.

जाताना एका कागदावर लिहून न्यावं : रात्री किती वाजता झोप लागते, किती वेळा जाग येते, वजन किती उतरलं, आधीचे आजार, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं, घरात आधी कुणाला असा त्रास होता का. चहा किती आणि मिशरी किती, हेही. विडी कामगार बायकांत मिशरी दुःखात दुपटीने वाढते, तंबाखू झोप मोडतो, आणि ही गोष्ट विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. 'डोकं बधिर झालंय', 'छातीत धडधडतं', 'कशात जीव लागत नाही' हे तिचेच शब्द लिहावेत. आपण त्याचं 'डिप्रेशन' करून सांगितलं की डॉक्टरला नेमकं काय होतंय ते कळत नाही. थकवा फार असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासायला सांगतात. ते टाळू नये, कारण या तिन्हींचा थकवा नैराश्यासारखाच दिसतो.

तपासणीत नऊ प्रश्नांची एक यादी असते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा आणि त्यापुढे आकडा गेला की डॉक्टर खोलात जातात. नववा प्रश्न जीव देण्याच्या विचारांचा. त्याचं उत्तर शून्य नसेल तर बाकी बेरीज कितीही असो, त्याच दिवशी डॉक्टरशी बोलायचं. घरीही हे थेट विचारावं : 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने डोक्यात विचार शिरत नाही, उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेलं बोलता येतं. हो म्हणाली तर एकटं सोडायचं नाही, पिकावरची औषधं आणि सगळ्या गोळ्या कुलपात, आणि सरळ सिव्हिलचा अपघात विभाग किंवा १०८. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नये. नोंद होते, पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ लागू झाल्यापासून अशा माणसाला तीव्र ताणाखाली असलेला मानतात, शिक्षेसाठी धरत नाहीत.

औषधांबद्दल नीट लिहिते, कारण सगळ्यात जास्त उपचार इथेच सुटतात. एका खाजगी ठिकाणी पहिल्याच भेटीत फक्त झोपेच्या गोळ्या लिहून मिळाल्या होत्या. नुसत्या शोकासाठी या जातीच्या गोळ्या देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगितलंय. सवय लागते, दिवसा झापड येते, म्हाताऱ्या माणसांचा तोल जातो. डॉक्टरने दिल्याच तर 'किती दिवसांसाठी?' हे तिथेच विचारून कागदावर लिहून घ्यावं. आणि आधीपासून रोज चालू असतील तर आपल्या मनाने एकदम बंदही करू नयेत.

नैराश्याची गोळी वेगळी असते. ती कमी मात्रेने सुरू करून वाढवतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, क्वचित बेचैनी वाढणं हे होतं, आणि नेमकं त्याच आठवड्यात घरचे म्हणतात, 'या गोळीनेच बिघडलं, बंद कर.' फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. म्हणजे त्रास आधी येतो आणि गुण मागून. हे घरातल्या सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं. गोळी जेवणानंतर दिली तर मळमळ कमी राहते. बेचैनी फारच वाढली, किंवा माणूस पंचविशीच्या आतला असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करावा. पाकीट मी माझ्याकडे ठेवत होते आणि एका वेळी आठवड्याच्याच गोळ्या घरात देत होते. पाकिटाच्या पाठीवर प्रत्येक गोळीमागे वार लिहिला की 'घेतली की नाही' हा घोळ राहत नाही. अर्धी गोळी सांगितली असेल तर मधल्या रेघेवर सगळ्या एकदम तोडून ठेवू नयेत, दमट हवेत भुगा होतो. त्या दिवसाची त्या दिवशी तोडावी.

गोळी नैराश्यावर काम करते, शोकावर तिचा तेवढा जोर चालत नाही. तिथे बोलण्याचे उपचार लागतात. रेंगाळलेल्या शोकासाठी १६ बैठकांची ठरलेली पद्धत आहे. तीत गेलेल्या माणसाच्या आठवणीला हळूहळू सामोरं जाणं आणि स्वतःचं पुढचं आयुष्य पुन्हा बांधणं, ही दोन्ही कामं बरोबर चालतात. अपघाताच्या धक्क्यासाठी आघातावर केंद्रित अशी वर्तन-विचार पद्धत असते. कुणाकडे जायचं हे ठरवताना पदवी बघावी. मानसोपचारतज्ज्ञ एमडीसारखी पदवी घेतलेला डॉक्टर असतो आणि औषध देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बोलण्याचे उपचार करतो, त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि त्याने औषध लिहून द्यायचं नसतं. 'समुपदेशक' अशी पाटी कुणीही लावू शकतो, म्हणून 'शोकावर किंवा आघातावर काम केलंय का?' हे पहिल्या भेटीत विचारण्यात काही गैर नाही.

घरी करायची एक गोष्ट फार उपयोगी पडली. दृश्य डोळ्यांपुढे आलं की पाय जमिनीवर टेकवायचे, हाताखाली आपली सोलापुरी चादर घ्यायची आणि तिची उठावदार नक्षी बोटांनी चाचपत जायचं. नक्षी कुठे वळते, काठ कुठे लागतो, रंग कोणते, हे मोठ्याने म्हणायचं. बरोबरीने चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. दोन-तीन मिनिटांत मन 'आत्ता, इथे' येतं. शांत असताना सराव केलेला असेल तरच घाबऱ्याघुबऱ्या वेळी ते जमतं.

कागदपत्रांचा मनाशी काय संबंध, असं वाटेल. प्रत्येक खिडकीवर 'कशाने गेले?' विचारतात आणि प्रत्येक वेळी अपघात नव्याने घडतो. म्हणून एका पानावर नाव, मृत्यूची तारीख, ठिकाण, नातं, आधार क्रमांक टाइप करून त्याच्या प्रती ठेवाव्यात. तोंडाने सांगण्याऐवजी कागद सरकवायचा. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथल्या निबंधकाकडे होते. राहायला सोलापुरात आणि मृत्यू पुण्याच्या दवाखान्यात झाला असेल तर इथल्या महापालिकेत हेलपाटे घालून उपयोग नाही. २१ दिवसांत नोंद विनाशुल्क होते. नावाचं स्पेलिंग आधारशी तिथेच ताडून बघावं, नंतर बँक आणि भविष्य निर्वाह निधी दोन्हीकडे अडतं. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार रुपये आणि संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला दीड हजार, यांसाठी तहसीलला अर्ज होतो. एक पालक गेलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, दरमहा २,२५० रुपये. तिचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. सही तेवढी तिची, बाकी धावपळ दुसऱ्या कुणीतरी करावी.

मुलांना 'बाबा गावाला गेलेत' किंवा 'झोपलेत' सांगू नये. झोपलेत म्हटलं की मूल झोपायला घाबरतं, गावाला म्हटलं की दाराकडे बघत बसतं. 'बाबा वारले, त्यांचं शरीर बंद पडलं, ते परत येणार नाहीत, आणि यात तुझी काही चूक नाही' एवढं स्पष्ट सांगावं. शेवटचं वाक्य तर जरूर सांगावं, कारण मुलं मनात स्वतःलाच दोष देतात. वर्गशिक्षकांना कळवून ठेवावं. मूल क्षणात रडतं आणि क्षणात खेळायला पळतं, त्यावरून त्याला 'काही वाटत नाही' असं कुणी म्हणू नये.

पहिल्या वर्षात त्रास पुन्हा उसळतो तो ठरावीक तारखांना : वाढदिवस, दिवाळी, संक्रांत आणि तेव्हाची सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, वर्षश्राद्ध. डॉक्टरची पुढची तारीख अशा दिवसाच्या आठवडाभर आधीची मागून घ्यावी. त्या दिवशी कोण सोबत असेल हेही ठरवून ठेवावं.

बरं वाटायला लागल्यावर साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात आणि मग मात्रा उतरवत नेतात. एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात झटका बसल्यासारखं होतं. तो गोळी सोडल्याचा परिणाम असतो, आजार उलटलाय असं समजून घाबरू नये. मात्रा उतरवताना झोप कधी लागते, किती वेळा मोडते हे पुन्हा रोज वहीत लिहायला लागावं. सलग दोन आठवडे झोप आणि जेवण तुटलं, तर जुनाच केसपेपर घेऊन ओपीडीला जावं. नव्याने सगळं सांगत बसावं लागत नाही.