शेजारची सीट

रविवार, रात्री उशिरा

"कान एकदा तपासून घे," मधुरा म्हणाली. वैतागून म्हणाली असती तर मीही दोन शब्द सुनावले असते आणि विषय तिथेच मिटला असता. पण ती अगदी मायेनं म्हणाली, हातावर हात ठेवून. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये.

आज ती खास माझ्या आग्रहाखातर आली होती. एरवी माझ्या या जुन्या एमजीबीत, उघड्या टपाच्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीत, बसायचं म्हटलं की तिची मान आखडते, केसांची वाट लागते, पेट्रोलचा वास दुपारभर ओढणीला राहतो. तरी आली. टप खाली केला होता, ऊन छान होतं. डिडकॉटहून वाँटेज आणि त्याच रस्त्यानं परत. चाळीस मैलांच्या पुढे वेग गेला आणि रस्ता जरा खडबडीत लागला की तो आवाज येतो. डावीकडून, कुठूनतरी खालून. टिणटिण नाही, खडखडही नाही, दोहोंच्या मधलं काहीतरी, बारीक आणि चिवट. आज मी हार्वेलच्या अलीकडचे सगळे खड्डे शोधून शोधून त्यात चाक घातलं. गाडीनं तोंड उघडलं नाही.

"कुठेय?" एकदा विचारलं तिनं. पुढे विचारलंच नाही. मग मोबाइल काढला.

काल मी एकटा होतो तेव्हा येत होता. परवाही येत होता. मी काय, आवाज स्वतःच तयार करतो?

गॅरेजमध्येही हेच झालं होतं. तो भला माणूस स्वतः शेजारी बसला, त्यानं मला चांगलं लांबवर गाडी चालवायला लावली, डोकं पार डॅशबोर्डखाली घालून ऐकलं. काही नाही. उतरताना म्हणाला, या गाड्या वाजतातच, पन्नाशी उलटली त्यांची. वर पैसेही घेतले नाहीत. घेतले असते तर निदान तक्रार खरी होती असं तरी वाटलं असतं.

थरथर असती तर मी कुणाला विचारलंही नसतं. थरथर हिशेबाला बांधलेली असते. साठ मैलांच्या वेगाला या गाडीचं चाक सेकंदाला साधारण चौदा वेळा फिरतं आणि प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा, त्याच्या जवळजवळ चौपट, कारण मागच्या डिफरन्शियलचं, म्हणजे तिथल्या गिअरच्या जोडीचं, प्रमाण ३.९०९ आहे. म्हणजे स्टिअरिंग हातात डुलायला लागलं तर चाकं बघायची आणि बुडाखाली गुणगुण आली तर शाफ्ट आणि त्याचे दोन क्रॉस, म्हणजे सांधे. त्याच वेगाला गिअर न्यूट्रलला टाकायचा. थरथर तशीच राहिली तर इंजिन निर्दोष. गेल्या हिवाळ्यात स्टिअरिंग असंच साठला हलत होतं. पुढच्या डाव्या चाकाच्या काही आऱ्या ढिल्या निघाल्या. त्या ताणून चाक बॅलन्स करून घेतलं, संपलं. कुणाला पटवायची गरज पडली नाही.

आवाजाचं तसं नाही. आवाजाला साक्षीदार लागतो.

आणि आवाज मी काही कमी शोधलेले नाहीत. डिकीतला जॅक जुन्या टॉवेलात गुंडाळला. बॉनेट उघडं धरणारा दांडा आपल्या खोबणीत नाचत होता, त्याला रबर लावलं. दारातली पुढची तिकोनी काच किणकिण करायची, तिची पट्टी बदलली. टपाची घडी होणारी चौकट मागे पडून राहते, तिच्या सांध्यांना फेल्ट चिकटवलं. सायलेन्सरचं लोंबतं रबर चिरलं होतं. इंजिन तीन हजार फेऱ्यांच्या आसपास गेलं की गिअरचा दांडा मधमाशीसारखा गुणगुणायचा, तिथं खालचं नायलॉनचं बुश झिजलं होतं, दहा मिनिटांचं काम. सीटच्या मागे फळीखाली सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, त्यातल्या एकीचा पट्टा सैल होता, तोही आवळला. दर वेळी एक आवाज गेला की त्याच्याआड दडलेला दुसरा ऐकू यायला लागतो, आधीच्यापेक्षा बारीक. हा बहुतेक रांगेतला शेवटचा असावा. किंवा मला तसं वाटायला हवंय.

बाबांना सांगितलं फोनवर. ते म्हणाले, लांब स्क्रूड्रायव्हर घे, टोक संशयितावर टेकव आणि मूठ कानाला लाव. फिएटच्या वेळी त्यांनी असंच बेअरिंग पकडलं होतं, ती गोष्ट पुन्हा सगळी ऐकली. चालत्या गाडीत, एकट्यानं, गाडी चालवता चालवता स्क्रूड्रायव्हर कसा लावायचा हे मी विचारलं, ते त्यांना ऐकू गेलं नाही. कानाचं मशीन हल्ली ड्रॉवरमध्येच असतं त्यांचं. ते जाऊ दे.

लेक सई इथे असती तर तिनं एका मिनिटात बोट ठेवलं असतं. आठवीत होती तेव्हा "बाबा, डाव्या दाराचं काहीतरी सुटलंय" असं मागून सायकलवरून येता येता ओरडली होती, आणि खरंच बिजागरीचा स्क्रू होता. आता ती ग्लासगोला असते, गाड्यांचा विषय निघत नाही. विषयच फार निघत नाहीत.

म्हणजे मला नक्की काय लागलंय? आवाज सापडत नाही हे नाही. न सापडणारे आवाज घेऊन लोक वर्षानुवर्षं गाड्या चालवतात. मी म्हणतोय आणि तरी कुणाला ते खरं वाटत नाही, हे. मधुरानं खोटं ठरवलं असतं तर भांडता आलं असतं. तिनं समजून घेतलं.

झोपतो.

मंगळवार

मोबाइल रेकॉर्डिंगला लावून डाव्या सीटवर ठेवला आणि गावाबाहेर चक्कर मारली. एकट्यानं. आवाज आला, स्वच्छ आला, मी मोठ्यानं "हा बघ!" असंही म्हणालो. घरी येऊन ऐकलं तर वारा, सायलेन्सर आणि मधेच माझं "हा बघ". पुसून टाकलं ते. हे मधुराच्या हाती लागलं असतं तर थेट डॉक्टरच.

येताना चष्म्याच्या दुकानात कान तपासून घेतले. फुकट असते तपासणी. खोक्यात बसवून शिट्ट्या ऐकवतात, ऐकू आलं की बटण दाबायचं. त्या मुलीनं आलेख दाखवला, म्हणाली, छान आहेत, वरच्या पट्टीत किंचित उतार आहे पण या वयात सगळ्यांनाच असतो. घरी बोललो नाही. का ते माहीत नाही. हातात पुरावा होता.

शनिवार

सापडला!

कसा सापडला ते लिहायला हात शिवशिवतायत, आणि लिहायला बसलो तर हसू येतंय.

सकाळी ऑक्सफर्डला काउली रोडवर किराणा आणायला गेलो, हीच गाडी घेऊन, कारण दुसरी मधुरानं नेली होती. जाताना आवाज होता. ए-चौतीस हायवेवर तर त्यानं ताल धरला होता. मी मुकाट ऐकत गेलो. मनाला लावून घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. जाताना ॲबिंग्डनची पाटी लागते, तेव्हा दर वेळी वाटतं गाडी जरा नीट चालेल, माहेरच्या दारावरून जाताना. माझीची जोडणी १९७२ साली तिथेच, मार्चम रोडच्या कारखान्यात झाली. बॉडी स्विंडनची, रंग काउलीचा. १९८० साली कारखाना बंद पडला तोवर पाच लाखांवर एमजीबी बाहेर पडल्या होत्या. त्या पाच लाखांतल्या किती जणी अशा वाजत असतील, आणि किती जणांच्या बायका त्यांना कान तपासायला सांगत असतील, असा विचार करत गेलो. तेवढाच आधार.

दुकानात दहा किलोची तांदळाची पिशवी घेतली. डिकीत एक्स्ट्रा चाक आणि जॅक, त्यात बाकीचं सामान कोंबलं, पिशवीला जागा उरली नाही. म्हणून शेजारच्या सीटवर ठेवली. वळणावर पडू नये म्हणून पट्टाही लावला.

मिल्टनच्या फाट्याशी आलो तेव्हा कुठे लक्षात आलं. शांत. परतीचा सगळा रस्ता शांत होता आणि मी रेडिओवरच्या क्रिकेटच्या नादात होतो.

पुढे पहिली जागा मिळाली तिथे गाडी बाजूला घेतली. पिशवी उचलून सीटच्या खाली, पाय ठेवायच्या जागेत ठेवली. निघालो. आला! पुन्हा थांबलो. पिशवी सीटवर. गेला. पुन्हा खाली. आला. एक ट्रकवाला शेजारी उभा राहून सँडविच खात होता, तो बराच वेळ बघत होता. तांदळाला पट्टा लावणारा, मग सोडणारा, मग उतरवून पुन्हा बसवणारा माणूस त्यानं याआधी पाहिला नसावा. काही विचारलं नाही त्यानं. इंग्लंडचं हे एक बरं आहे.

तर आवाज कुणी शेजारी बसलं की थांबत होता. मधुरा बसली, थांबला. गॅरेजवाला बसला, थांबला. मोबाइलचं वजन ते किती, तेव्हा बिचारा येत होता, पण वाऱ्यात बुडाला. फक्त मी एकटा असताना येणारा आवाज. आठवडाभर मी साक्षीदार बसवत होतो आणि साक्षीदार बसला की पुरावा नाहीसा, अशी ती गंमत होती.

घरी येऊन सीट काढली. पुढे सरकवायची, मागचे बोल्ट. मागे सरकवायची, पुढचे बोल्ट. चौथा बोल्ट रुसलेला होता, तेल सोडून चहा पिऊन आलो तेव्हा हलला. सीट गॅरेजच्या फरशीवर उलटी टाकली. खाली गादीला आधार म्हणून रबराचा एक जाड पडदा असतो, कडेनं लोखंडी हुकांनी फ्रेमच्या नळीला ताणून अडकवलेला. पन्नास वर्षांत रबर कडक होऊन एका भोकापाशी फाटलं होतं. तिथला हुक रबरात जेमतेम अडकून नुसता लोंबत होता. कुणी बसलं की पडदा खाली दबतो, हुक ताणला जातो, गप्प. कुणी नसलं की मोकळा, आणि नळीवर आपटत राहतो. जिथे आपटत होता तिथला काळा रंग उडून नखाएवढा चकचकीत ठिपका पडला होता. हुकाचं टोकही तसंच उजळलेलं, चांदीच्या जोडव्यासारखं. बोटानं हुक हलवला. तोच आवाज. किती वेळ हलवत बसलो होतो कोण जाणे.

मधुरा आली तेव्हा तिला खाली बसवून दाखवलं. हुक वाजवून दाखवला. तिनं वाकून पाहिलं, स्वतःच्या बोटानं एकदा वाजवला.

"एवढासा?"

मी थांबलो. पुढे आणखी काहीतरी येईल असं वाटत होतं, निदान अर्धं वाक्य. ती उठली, हात झटकले आणि म्हणाली, "म्हणजे या सीटवर कुणी बसतच नाही म्हणून." मग आम्ही दोघंही जरा वेळ त्या उलट्या सीटकडे बघत होतो. मी म्हटलं, सई सुट्टीत आली की बसेल. ती म्हणाली, बसेल की.

विश्वासाचं मी काढलं नाही. तपासणीचा आलेख पाकिटात आहे, तोही काढला नाही. हुक हातात घेऊन एकदा वाजवला की भांडण जिंकल्यासारखं वाटेल असं रविवारी वाटलं होतं. आज नुसतं हसू येत होतं, त्यातही त्या ट्रकवाल्याचं जास्त.

नवीन रबर मागवलंय, हुकांसकट मिळतं, पुढच्या आठवड्यात येईल. तोवर सीट परत बसवून ठेवली. हुक तारेनं बांधता आला असता पण नाही बांधला. तांदूळ आहेच, पट्ट्यासकट.

फक्त संध्याकाळी मधुरा पातेलं घेऊन गॅरेजमध्ये आली. घरातले तांदूळ संपलेत आणि उद्या देशपांडे जेवायला. मी म्हटलं, हवे तेवढे काढ, पण मोजून काढ. किती किलोपर्यंत तो गप्प राहतो ते मला उद्या बघायचंय.