नळी, साबण आणि टँकर

मंगळवार, रात्र.

शस्त्रक्रियेचा विषय मिळत असताना वैद्यकातली पुनर्वसनाची शाखा, म्हणजे अपंगत्व आलेल्या रुग्णाला सावरण्याचे काम, का निवडले, असे सहकारी मला अजूनही विचारतात. मराठवाड्यात विहिरीच्या कामावर यारीवरून पडलेले किंवा उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेले मजूर मणक्याची शस्त्रक्रिया उरकून घरी जातात आणि त्यांचे खरे हाल तिथून पुढे सुरू होतात, हे माझे उत्तर फारसे कोणाला पटत नाही.

"चालंल का हो साहेब?" हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. मज्जारज्जूची, म्हणजे मणक्यातून जाणाऱ्या मुख्य नसेची, इजा पूर्ण असेल, तिच्याखाली संवेदना-हालचाल काहीच उरली नसेल, तर आशा फार थोडी असते, हे मी स्पष्ट सांगतो. कारण ते सांगायचे टाळले की लोक शेत विकून उपाय शोधत हिंडतात आणि तेवढ्यात रुग्णाच्या माकडहाडावर जखम होते. असा रुग्ण दगावतो तो बहुधा त्या जखमेतल्या संसर्गाने किंवा मूत्रपिंडे बिघडल्याने. १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे डॉक्टर लुडविग गुटमन यांनी अशा जखमा टाळण्यासाठी दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलण्याची शिस्त लावली. पुढे १९७२ मध्ये डॉक्टर जॅक लॅपिडीस यांनी दाखवून दिले की लघवी काढण्यासाठी मूत्राशयात घालायची नळी निर्जंतुक नसली, नुसती स्वच्छ धुतलेली असली तरी चालते, मात्र मूत्राशय वेळेवर रिकामे झाले पाहिजे. खेड्यातल्या माणसाला परवडणारा याहून मोठा शोध माझ्या शाखेत झाला नसावा.

पण मे महिन्यात टँकर आला नाही की साबणाने हात धुण्याइतके पाणीही घरात नसते, आणि वारंवार नळी घालावी लागू नये म्हणून रुग्ण स्वतःच पाणी पिणे कमी करतो. मग संसर्ग आणि मुतखडा ठरलेलाच. आज तपासणीला आलेल्या एका रुग्णाच्या पत्नीने स्टीलचा डबा उघडून दाखवला: धुतलेल्या फडक्यात कोरडी नळी, शेजारी साबणाची वडी, आणि हात धुण्यासाठी वेगळी राखलेली पाण्याची बाटली. नवऱ्याची इजा मानेजवळची आहे. अशा रुग्णाचे मूत्राशय तुडुंब भरले की रक्तदाब एकाएकी चढतो, डोके ठणकते, चेहरा घामाने निथळतो. पुष्कळ ठिकाणी त्याला डोकेदुखीची गोळी देऊन परत पाठवतात. गेल्या महिन्यात तसे झाले तेव्हा या बाईंनी त्याला उठवून बसवले, नळी घातली आणि मगच मला फोन केला, तोही रक्तदाब पुन्हा केव्हा मोजायचा एवढेच विचारायला.