रात्रभराचं नाटक पेन ड्राइव्हवर : यंदाच्या हंगामाची नोंद

मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांचे, दिवस सरले, धान घरात आलं, तेव्हा कुठे रेकॉर्डिंगकडे बघायला सवड मिळाली. यंदा पूर्व विदर्भातल्या वडसा-ब्रह्मपुरी पट्ट्यातली तीन झाडीपट्टी नाटकं (इथली रात्रभर चालणारी नाटकं) आणि दोन दंडारी (गाणं-नाचाची इथली लोककला) हाती लागल्या. मंडळींची अट एकच होती : गावातल्या म्हाताऱ्या माणसांना हे घरबसल्या बघता आलं पाहिजे. त्यांच्या घरी लॅपटॉप नाही, मोबाइलच्या बारक्या पडद्यावर पाच तास बघवत नाही. पण टीव्ही आहे आणि त्याला यूएसबी आहे. म्हणून सगळं पेन ड्राइव्हवर द्यायचं ठरवलं.

पहिलं नाटक पाच तासांचं. माझा कॅमेरा सेकंदाला साधारण १ एमबी लिहितो, त्यामुळे जोडलेली फाइल १८ जीबीची झाली. पेन ड्राइव्ह ६४ जीबीचा, कोरा. (विंडोजमध्ये तो ५९.६ दिसतो म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.) तरीही फाइल फार मोठी आहे म्हणून कॉपी होईना.

ड्राइव्ह फॅट३२ मध्ये होता, म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडून ठेवायच्या एका जुन्या पद्धतीत (यालाच फॉरमॅट म्हणतात). ही पद्धत प्रत्येक फाइलचा आकार ३२ बिटांच्या रकान्यात लिहिते, आणि त्या रकान्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५ बाइट, म्हणजे साधारण ४ जीबी. त्याच्यावर एक बाइटही चालत नाही, मग ड्राइव्हवर कितीही जागा रिकामी असो. माझ्या कॅमेऱ्याच्या हिशेबाने हे ७१ मिनिटं होतात. नाटकाचा पहिला अंकसुद्धा कधी कधी त्याहून लांबतो.

मग ड्राइव्हचं फॉरमॅट बदलून एक्सफॅट केलं. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणलेली ही पद्धत अशाच मोठ्या फाइलींसाठी आहे, तिथे ४ जीबीची अडचण येत नाही. लॅपटॉपवर नाटक झकास चाललं. आनंदाने ड्राइव्ह घेऊन आबाजींकडे गेलो. हे तरुणपणी दंडारीत पेटी वाजवायचे, आता ऐकू कमी येतं. टीव्हीला लावला, तर यूएसबी जोडल्याचं चिन्ह आलं आणि आत काहीच नाही. शेजारच्या घरीही तेच. एनटीएफएस (विंडोजचं नेहमीचं फॉरमॅट) करून नेलं, तर आबाजींकडे चाललं, शेजारी नाही. फॅट३२ मात्र दोन्हीकडे चाललं. तेव्हा माझं मत पक्कं झालं : फॉरमॅट आपल्या सोयीने ठरवायचं नाही, ज्याच्या घरी ड्राइव्ह जाणार त्याच्या टीव्हीने ठरवायचं.

पुन्हा फॅट३२ करायला गेलो तर विंडोजच्या फॉरमॅटच्या खिडकीत तो पर्यायच दिसेना. ३२ जीबीच्या वर ती खिडकी फॅट३२ देत नव्हती. ही अट विंडोजची आहे, फॅट३२ ची नाही. ते नेहमीच्या ५१२ बाइटच्या सेक्टरवर २ टीबीपर्यंत जातं. रुफस नावाच्या फॉरमॅट करायच्या प्रोग्रामने दोन मिनिटांत काम झालं.

आता फाइल तोडणं आलं. आधी आकारानेच तोडली, ४ जीबीचा एकेक तुकडा. आबाजी मन लावून बघत होते. नायिकेचं गाणं अंतऱ्यावर आलं आणि फाइल संपली. पुढचा तुकडा सुरू व्हायला सात-आठ सेकंद लागले. ते म्हणाले, "गानं मधातच तुटलं ना बाप्पा." एवढंच म्हणाले, पण मला फार लागलं. रात्रभर जागून गाणाऱ्या माणसाची तान मी आकड्यासाठी कापली होती.

घरी येऊन सगळं पुन्हा केलं. आता पडदा पडतो तिथेच कापतो, आणि अंक लांब असेल तर प्रवेश संपतो तिथे. लॉसलेसकट हा व्हिडिओ कापायचा प्रोग्राम वापरतो, त्यात चित्र पुन्हा एन्कोड होत नाही, म्हणजे दर्जा तसाच राहतो. कट नेमका हव्या त्या क्षणी पडत नाही, कीफ्रेमवर (अधूनमधून येणाऱ्या पूर्ण चित्रावर) पडतो, म्हणून पडदा पूर्ण पडल्यावर थोडी मोकळी जागा सोडतो.

भजन मंडळाच्या स्पीकरवर वेगळाच घोळ निघाला. तिसरा अंक आधी वाजला. बरीच साधी यंत्रं नावाचा क्रम बघत नाहीत, ड्राइव्हवर नोंद ज्या क्रमाने झाली तसं वाजवतात. सगळ्या फाइली एकदम ओढून टाकल्या की तो क्रम आपल्या हातात राहत नाही. आता कोऱ्या ड्राइव्हवर एकेक फाइल क्रमाने टाकतो. नावंही इंग्रजी अक्षरांत देतो, कारण त्या स्पीकरवर देवनागरीचे नुसते चौकोन दिसतात.

नुसता आवाज घेणाऱ्यांसाठी : ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, स्टिरिओ वेव फाइल ४ तास ८ मिनिटांत हीच मर्यादा गाठते. इथे एक्सफॅटही कामाचं नाही, कारण साध्या वेव फाइलच्या स्वतःच्या मथळ्यातही (सुरुवातीच्या नोंदीतही) आकाराचा रकाना ३२ बिटांचाच आहे. मी दंडारीच्या मध्यंतरात रेकॉर्डर थांबवून नवी फाइल सुरू करतो.

कॉपी चालू असताना परवा लाइन गेली. दुसरा अंक अर्धवट राहिला आणि टीव्ही त्यावर अडकून बसला. मूळ प्रत हार्ड डिस्कवर होती म्हणून निभावलं. ती प्रत मी कधीच पुसत नाही.

सध्या दोन नाटकं पूर्ण तयार आहेत. तिसऱ्याचा दुसरा अंक ८४ मिनिटांचा आहे आणि मधे कुठे प्रवेश बदलतच नाही. एक बापलेकाच्या भांडणानंतरची शांतता आहे, वीसेक सेकंदांची. तिथे कापावं का, हे रविवारी आबाजींसोबत बसून ठरवणार आहे.