मोहोर बघून ठरवलेला भाव

जूनच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिलवॉकीत अंधार पडायला नऊ वाजतात. २०१३ च्या जूनमध्ये मी या गावात नवीनच होते. जानेवारीच्या बर्फात येऊन पडलेली, ओळखीचं कोणी नाही. एका संध्याकाळी शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून विचारलं, "ड्राफ्ट बघायला येतेस का?" मला ड्राफ्ट म्हणजे बँकेचा डिमांड ड्राफ्ट माहीत. तो काय बघायचा?

आजोबांचं आयुष्य बिअरच्या कारखान्यात गेलेलं, आणि निवृत्तीनंतरचं सगळं लक्ष गावच्या बास्केटबॉल संघावर, म्हणजे मिलवॉकी बक्सवर. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना नावानेच हाक मारते, मनात मात्र ते आजोबाच. त्यांच्या तळघरात एक खचलेला सोफा, भिंतभर टीव्ही आणि ताटभर ताजं चीज. त्याचे तुकडे चावले की दाताखाली चुईंचुईं वाजतात. मला वाटलं माझाच दात हलतोय.

हा ड्राफ्ट म्हणजे एनबीएच्या, अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, संघांनी नवे खेळाडू निवडून घ्यायची रात्र. पण तो आयपीएलच्या लिलावासारखा नसतो. इथे बोली लागत नाही, पाळी लागते. तीस संघ, दोन फेऱ्या, एकूण साठ पोरं. आदल्या वर्षी जे संघ सपाटून हरले त्यांची पाळी साधारण आधी, आणि अगदी वरच्या पाळ्यांसाठी तर चक्क चिठ्ठ्या टाकतात. पहिल्या फेरीत पगारही क्रमांकाला बांधलेला, करार चार वर्षांचा, त्यातली पहिली दोन वर्षं पक्की. म्हणजे घासाघीस पैशांची नाहीच. प्रश्न एवढाच, की हातात आलेली ही एक पाळी कोणावर खर्च करायची? आज खेळू शकणाऱ्या बावीस वर्षांच्या गड्यावर, की चार वर्षांनी कदाचित काहीतरी होईल अशा अठरा वर्षांच्या पोरावर?

त्या रात्री बक्सची पाळी पंधरावी होती. जे नाव पुकारलं गेलं ते आमच्या तळघरात कोणालाच उच्चारता आलं नाही: यानिस अँटेटोकुम्पो. आईवडील नायजेरियाचे, जन्म अथेन्सचा, आणि ग्रीसचं नागरिकत्व त्याला ड्राफ्टच्या जेमतेम महिना-दीड महिना आधी मिळालेलं. मूळ आडनाव आदेतोकुन्बो. ग्रीक लिपीतून पासपोर्टवर येता येता त्याचं हे असं झालं. (माझ्या चुलत्यांच्या रेशनकार्डावर 'पाध्ये'चं 'पाठे' झालं होतं, त्यामुळे मला त्या पोराबद्दल तिथल्या तिथे आपुलकी वाटली.)

आजोबा मात्र तोंड पाडून बसले. "ग्रीसच्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये खेळतो. तिथेही सरासरी दहा गुण नाहीत. वजन नव्वद किलोसुद्धा नाही. यांना दिसलं तरी काय?"

काय दिसलं ते पुढे हळूहळू कळलं. आपल्याकडे किनाऱ्यावर पाण्याची खोली वावात मोजतात. वाव म्हणजे माणसाने दोन्ही हात पसरले की एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंतचं अंतर. सर्वसाधारण माणसाची वाव त्याच्या उंचीएवढीच भरते. ड्राफ्टच्या आधी शिकागोत पोरांची जी तपासणी होते तिथे ही वाव इंचाइंचाने मोजून घेतात. उंची अनवाणी, उडी, हात वर करून उभं राहिल्यावर बोटं कुठवर जातात ते, सगळं. यानिसची मापं बाहेर आली ती अशी: उंची सहा फूट नऊ इंच, वाव सात फूट तीन इंच. आणि हा पोरगा चेंडू घेऊन धावायचा एखाद्या बुटक्या गार्डसारखा, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्या चपळ खेळाडूसारखा. वय साडेअठरा. अंगाने अजून भरायचा होता, इतकंच काय, ड्राफ्टनंतर तो आणखी दोनेक इंच वाढला. बक्सचे जनरल मॅनेजर जॉन हॅमंड स्वतः ग्रीसला जाऊन त्याला बघून आले होते.

हे सगळं ऐकताना मला आमचे राजापूरचे काका आठवत राहिले.

आमची आंब्याची कलमं काका कराराने देतात. थंडी पडून मोहोर आला की व्यापारी येतो, बागेतून एक फेरी मारतो, मान वर करून बघतो आणि आकडा सांगतो: एवढ्या पेट्या निघतील, एवढे पैसे. मोहोरावर करार केला तर भाव कमी, कारण धोका सगळा त्याचा. तुडतुडे पडले, ढगाळ हवा झाली, अवकाळी आला की मोहोर काळा पडून झडतो. कणी धरली, फळ वाटाण्याएवढं झालं, मग सुपारीएवढं, की भाव चढत जातो, कारण आता कोणालाही दिसतंय. लहानपणी मला वाटायचं, हे व्यापारी झाडाकडे बघून काहीतरी जादूने ओळखतात. एकदा काकांना तसं म्हटलं, तर ते हसले. "मोहोर काय, आंधळ्यालाही वासाने कळतो गो बाय. तो झाडाचा अंदाज नाही करीत. वर्ष बुडालं तर आपल्याला झेपेल का, त्याचा अंदाज करतो."

मला एनबीएचा ड्राफ्ट खऱ्या अर्थाने कळला तो या वाक्याने, तळघरातल्या तज्ज्ञांमुळे नव्हे.

त्या नोव्हेंबरात आजोबांबरोबर जुन्या ब्रॅडली सेंटरमध्ये एक सामना बघितला. वरच्या रांगांत आम्ही आणि रिकाम्या खुर्च्या. यानिस दुसऱ्या सत्रात आला. पहिल्यांदा चेंडू हाती आला तेव्हा त्याने मैदानाच्या मध्यरेषेपासून सुरुवात केली आणि तीन-चार ढांगांत बास्केटखाली पोचला. पोचल्यावर मात्र पुढे काय करायचं ते त्याला सुचेना. चेंडू एका पायावर आपटून बाहेर गेला. आजोबांनी कपाळाला हात लावला. माझ्या डोळ्यासमोर मात्र त्या ढांगाच राहिल्या.

यानिसच्या त्या पहिल्या हंगामात बक्स १५ सामने जिंकला आणि ६७ हरला. संघाच्या इतिहासातली सर्वांत वाईट कामगिरी. यानिसची सरासरी ६.८ गुण. पण जवळजवळ प्रत्येक सामन्यात तो चोवीस-पंचवीस मिनिटं मैदानावर होता, चुका करत. चांगल्या संघात हे शक्यच नव्हतं. तिथल्या प्रशिक्षकाने दुसऱ्या चुकीला त्याला बाकावर बसवलं असतं, आणि प्रशिक्षकाचं काही चुकलंही नसतं. बक्सकडे गमवायला काही नव्हतं, म्हणून या पोराला शिकायला मिळालं. आपण कौतुक करताना संघाची पारखी नजर म्हणतो. अर्धं श्रेय त्या ६७ पराभवांचं आहे.

त्याच नोव्हेंबरातली एक गोष्ट गावात अजून सांगतात. खिशातले सगळे पैसे यानिसने घरी पाठवून टाकले, टॅक्सीलाही उरले नाहीत, म्हणून कडाक्याच्या थंडीत तो सामन्यासाठी स्टेडियमकडे पळत सुटला, आणि एका जोडप्याने त्याला गाडीत घेतलं. मीही तेव्हा दर महिन्याला घरी पैसे पाठवत होते, त्यामुळे ऐकताना गळा दाटला होता. पण खरं सांगायचं तर ही गोष्ट आज 'बघा, जिद्द कशी तेव्हाच दिसत होती' म्हणून सांगतात. पोरगा पुढे फुकट गेला असता तर हीच गोष्ट 'एवढंही भान नव्हतं' म्हणून सांगितली असती. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात ही म्हण बहुधा मूल मोठं झाल्यावरच कोणीतरी केली असणार.

मोजमापांचंही तसंच. केव्हिन ड्युरँटला २००७ मध्ये १८५ पौंडांचं वजन आडवं पडून एकदाही उचलता आलं नव्हतं. त्याच्यावरून चेष्टा झाली, आणि आज त्या चेष्टेचीच चेष्टा होते. पोरगा पुढे लांबून अचूक टाकणारा होईल का, हे ओळखायला संघांचे पारखी, म्हणजे स्काउट, लांबून टाकायच्या तीन गुणांच्या फेकींपेक्षा फ्री थ्रोवर, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीवर, जास्त भरवसा ठेवतात. तिथे कोणी अडवत नाही, हात खरा कळतो. युक्तिवाद मला पटतो. यानिसचा हात मात्र तिथे कायमचा असा बसला नाही. २०२१ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, तो फ्री थ्रोला उभा राहिला की परगावचे प्रेक्षक मोठ्याने एक-दोन-तीन मोजायचे, कारण त्याला चेंडू टाकायला नियमाच्या दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागायचा. आणि अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यात त्याच माणसाने १९ पैकी १७ टाकले. एकूण ५० गुण. पन्नास वर्षांनी बक्सकडे विजेतेपद आलं. मी त्या रात्री स्टेडियमबाहेरच्या चौकात हजारोंच्या गर्दीत होते. शेजारच्या अनोळखी बाईने मला मिठी मारली आणि तिची बिअर माझ्या पाठीवरून खाली वाहिली. पंधरावा क्रमांक! त्या वर्षी पहिला क्रमांक होता अँथनी बेनेट. क्लीव्हलँडने घेतलेला तो पोरगा चार हंगामांत एनबीएबाहेर होता.

आता खरी गंमत. एका झाडाला बंपर पीक आलं की दुसऱ्या वर्षी सगळ्या गावाला तसल्याच झाडाचा मोहोर दिसायला लागतो.

२०१४ मध्ये टोरांटोने विसाव्या क्रमांकावर ब्रुनो काबोक्लो हा ब्राझीलचा पोरगा घेतला. लांबच लांब हात, वय अठरा. फ्रॅन फ्रॅशिला नावाचे जाणकार टीव्हीवर म्हणाले की हा दोन वर्षांच्या अंतरावर यायलाच याला दोन वर्षं लागतील. लोक हसले. पण यापेक्षा नेमका अंदाज मी ऐकलेला नाही. टोरांटोचा संघ तेव्हा जिंकत होता, चुका करायला द्यायची मिनिटं त्यांच्याकडे नव्हतीच. साडेतीन हंगामांत मोजके सामने खेळवून त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तोच ब्राझीलकडून खेळताना दिसला, चांगला अंगाने भरलेला, खेळात जाण आलेली. आंबा पिकला, पण अढी दुसऱ्याच्या घरची.

२०१५ मध्ये आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एकदम धुमाकूळ झाला, कारण डॅलसने बावन्नाव्या क्रमांकावर पंजाबच्या बल्लोके गावचा सतनाम सिंग घेतला. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय, सात फूट दोन इंच. ज्यांना बास्केटबॉलची टोपली किती उंचीवर असते हे माहीत नाही ते मला विचारत होते की आता त्याला पगार किती. दुसऱ्या फेरीत पक्का करार मिळेलच असं नसतं, हे सांगून मी विरजण घातलं. तो एनबीएत एकही सामना खेळला नाही, पुढे कुस्तीच्या शोमध्ये गेला.

आणि मग आमचं घरचं प्रकरण. जून २०१६, तेच तळघर, तोच सोफा. बक्सची पाळी दहावी. थॉन मेकर: जन्म आताच्या दक्षिण सुदानमधला, वाढला ऑस्ट्रेलियात, उंची सात फुटांवर, कॉलेजात न खेळता थेट आलेला. आजोबा सोफ्यावरून उठलेच. यानिसच्या वेळी तोंड पाडून बसलेला हाच माणूस आता मला ठणकावून सांगत होता, "हा दुसरा यानिस! हात बघ! पाय बघ!" मी म्हटलं, यानिसच्या वेळी पंधरावी पाळी होती, ही दहावी आहे. तेव्हा संघ तळाला चालला होता, आता वर चाललाय. झाड तेच असेल, करार तो नाही. ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. लगेच पुढच्या, अकराव्या क्रमांकाला डोमांटस सबोनिस गेला, जो पुढे ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक सर्वोत्तमांपैकी एक, झाला. त्याला कोणी घेतलं हे बघायलाही आम्ही थांबलो नाही, पिझ्झा आला होता.

रात्री उशिरा, दुसऱ्या फेरीत, छत्तिसाव्या क्रमांकावर बक्सने माल्कम ब्रॉग्डन घेतला. वय तेवीस, व्हर्जिनियात चांगला खेळ झालेला, वर पदव्युत्तर शिक्षण पूर्ण. आजोबांनी चॅनलही बदलला होता. सगळ्यांचं म्हणणं एकच, की याची वाढ झाली तेवढी झाली. आजोबांच्या लेखी तर तो मोहोर नव्हताच, पेटीत भरून बाजारात आलेला आंबा होता, त्यात बघायचं काय? पुढच्या वर्षी नवोदितांमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून ब्रॉग्डन निवडला गेला.

मेकरला अगदीच काही जमलं नाही असं नाही. २०१८ च्या एप्रिलमध्ये बॉस्टनविरुद्धच्या घरच्या सामन्यांत त्याने एकामागून एक फेकी अशा अडवल्या, की सगळं स्टेडियम उभं राहिलं. त्याच आठवड्यात आजोबांनी दुकानातून त्याची जर्सी आणली, सवलतीची नाही, पूर्ण किमतीची. दहा महिन्यांनी, फेब्रुवारीत, बक्सने त्याला डेट्रॉइटला देऊन टाकलं.

गेल्या हिवाळ्यात आजोबा ड्राइव्हवेवरचा बर्फ ओढत होते. जाड कोट, कानटोपी, आणि कोटावरून चढवलेली ती हिरवी जर्सी, पाठीवर मेकरचं नाव. मी खिडकीतून हाक मारून विचारलं की अजून टाकली नाही का. त्यांनी फावडं बर्फात रोवलं, श्वास घेतला आणि ओरडून सांगितलं, "पैसे वसूल व्हायचेत अजून!"