उताराची तयारी: डोंगरातल्या सहा दिवसांसाठीची नोंदवही, आठवडा १ ते ९

आठवडा १

वजन ८१ किलो. सकाळी उठल्याउठल्या नाडी ८०. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा (HbA1c) ६.१, म्हणजे मधुमेह अजून घरात शिरलेला नाही, दारात चपला काढतोय. डॉक्टरांनी गोळी लिहिली नाही. चिठ्ठीवर नुसतं 'चाला' लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

दिवाळीनंतर आम्ही चौघं दरवर्षी कुठं ना कुठं जातो: मी, बायको, मेहुणा आणि शेजारचे काका. काका त्रेसष्ट वर्षांचे, वीज खात्यातले निवृत्त लाइनमन. आजवरची आमची सहल म्हणजे गोव्याला जाऊन मासे खायचे आणि अंगावर दोन किलो चढवून चोर्ला घाटातून परत यायचं. यंदा सहा दिवस डोंगरात राहायचं, रोज चालायचं, वेळेवर झोपायचं असं ठरलं. कल्पना बायकोची, वही माझी. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत मी हिशेब लिहितो, त्यामुळे हौसही वहीतच उतरते.

पहिला विचार हिमालयाचा. मेहुण्यानं मोबाइलवर केदारकंठाचे फोटो दाखवले. १२,५०० फूट, बर्फ, निळंशार आकाश. मी हिशेब मांडला. बेळगावहून गोवा एक्सप्रेसनं निजामुद्दीन गाठायलाच दोन रात्री, पुढं डेहराडून, त्यापुढं दिवसभराचा घाटरस्ता. आठ हजार फुटांच्या वर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो, कमावलेल्या शरीरालाही त्यातून सूट नाही. दहा हजारांच्या वर गेलं की रोजचा मुक्काम दीड हजार फुटांहून जास्त वर न्यायचा नसतो. आपलं बेळगाव अडीच हजार फुटांवर आहे खरं, पण तेवढ्यानं तिथं काही भागत नाही. सुट्टी सहा दिवसांची. बेत मिटला.

दुसरा पर्याय वेलनेस रिसॉर्टचा. एका ठिकाणी फोन लावला. तीन दिवसांचं पॅकेज, सकाळी हिरवा रस, संध्याकाळी हिरवा रस, मधे 'डिटॉक्स'. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं जन्मापासून फुकटात करतात असं म्हटल्यावर पलीकडची पोरगी गप्प झाली. चालायला कुठं नेता विचारलं, तर म्हणाली, "सर, लॉन आहे."

आठवडा २

जागा ठरली, पण सरळ नाही. आधी खानापूरकडं नजर होती. जांबोटीवरून कणकुंबी, मलप्रभेचा उगम, दाट झाडी, सगळं घराजवळ. पण त्या बाजूचं बरंचसं रान भीमगड अभयारण्यात येतं. २०११ मध्ये ते जाहीर झालं. तिथल्या बारापेडे गुहांतली वटवाघळं इतकी दुर्मीळ आहेत की चार जणांच्या हौसेपायी त्या रानात पाऊल टाकणं मला पटत नाही. शिवाय वनखात्याची परवानगी लागते, आणि परवानगीच्या भरवशावर रजा मांडता येत नाही.

मग महाराष्ट्रातलं चंदगड. घरातून निघाल्यावर पाऊण तासात राज्य बदलतं, बोली तीच राहते. मेहुण्याच्या ओळखीचं एक घर पारगड किल्ल्याच्या वाटेवरच्या वाडीत आहे. दोन खोल्या, चुलीवर तापवलेलं पाणी, जेवायला नाचणीची भाकरी आणि उकड्या तांदळाची पेज. मालकांना फोन करणार तेवढ्यात काका म्हणाले, "सुगी आटपल्याबिगर कुणाच्या दारात पाव्हणा म्हणून जाऊ नये. भात कापायचं की तुझं अंथरूण घालायचं त्यांनी?" बरोबर होतं. तारीख नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यावर गेली. तोवर ऊसतोड सुरू झालेली असणार, म्हणून रात्री गाडी चालवायची नाही हेही तेव्हाच लिहून ठेवलं. दिवे नसलेल्या ट्रॉलीमागं एकदा गेलो की माणूस आयुष्यभराचा शहाणा होतो.

व्यायाम: व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात रोज ४५ मिनिटं चालणं. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग.

आठवडा ३

रंगीत तालीम. रविवारी सकाळी देवरवाडीला वैजनाथाचं दर्शन घेतलं आणि देवळापासून रानातल्या वाटेनं महिपाळगडावर चढलो. गडावर गाव आहे, गाडीरस्ताही जातो, पण आम्हाला पायवाटच हवी होती. पाऊस रिमझिम, पानांचा चिखल, बायकोच्या पोटरीला दोन जळवा.

चढताना मी खूश होतो. दम लागला, पण पाय ऐकत होते. वर चहा घेतला, वहीत वेळ लिहिली, मनात म्हटलं, जमतंय की.

उतरताना पंधराव्या मिनिटाला मांड्या थरथरायला लागल्या. गुडघे लुळे. एका ओल्या दगडावरून बुडावर आपटलो. काका पुढं होते. हातात वेळूची काठी, पावलं इतकी बारीक की मांजर चालल्यासारखं वाटावं. मागं वळून म्हणाले, "उतरालास की पडालास?"

त्यांच्या घामाचा थेंब दिसत नव्हता. तीस-पस्तीस वर्षं खांबावर चढून उतरलेला माणूस. चढण्यापेक्षा उतरण्याचीच काळजी जास्त घ्यावी लागायची, म्हणाले.

सोमवारी फारसं काही वाटलं नाही. मंगळवारी ऑफिसचा जिना मी रेलिंग धरून, तोंड भिंतीकडं करून, आडवा आडवा उतरलो. खालचा वॉचमन हातातला चहा ठेवून बघत होता.

आठवडा ४

हा आठवडा वाचण्यात गेला, आणि माझ्या मते अख्ख्या वहीतला कामाचा भाग हाच आहे.

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जाऊन जोर लावतो. उतरताना तोच स्नायू शरीराचं वजन पेलत लांबत जातो, म्हणजे ताणला जात असतानाच ब्रेक दाबून धरतो. या ताणानं स्नायूत बारीक बारीक इजा होते. त्यात दम लागत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की काम हलकं आहे. दुखणं मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला पोचतं. माझा मंगळवार तो हाच.

चांगली गोष्ट अशी की एकदा उतरून दुखलं की स्नायू ते लक्षात ठेवतो. पुढचे काही आठवडे तेवढ्याच उतारानं तो इतका दुखत नाही. म्हणजे डोंगरात जाण्याआधी घरी बसून दुखणं उरकून घेता येतं. मी महिनाभर सपाट मैदानावर चालून नेमकं तेवढंच सोडलं होतं. व्हॅक्सिन डेपोत उतार आहेच कुठं?

वहीत नवा रकाना आखला: उतार. पद्धत साधी. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर एका पायावर उभं राहायचं, दुसऱ्या पायाची टाच हळूहळू तीन आकडे मोजत जमिनीला टेकवायची आणि वर यायचं. गुडघा आत वळू द्यायचा नाही. दोन्ही पायांवर दहा-दहा, तीन वेळा, एक दिवसाआड. पहिल्या दिवशी सहाव्यालाच तोल गेला. बायकोचे सलग दहा झाले. ती बरीच वर्षं योगासनं करते, आणि मी बरीच वर्षं तिला हसत आलोय. हे तिनं बोलून दाखवलं नाही, मीच लिहून ठेवतो.

आठवडा ५ आणि ६

गणपती. व्यायाम जवळपास शून्य. कुंदा, म्हणजे आमची बेळगावी मिठाई, किती खाल्ला ते लिहिणार नाही. विसर्जनाच्या रात्री मिरवणुकीबरोबर पहाटेपर्यंत चालत होतो, पण तो सगळा सपाट रस्ता, उताराच्या रकान्यात धरता येत नाही. मेहुणा म्हणतो कपिलेश्वर उड्डाणपुलाचा उतार धर. नाही धरला.

आठवडा ७

वडगावहून येळ्ळूर, तिथून राजहंसगड किल्ला. वरपर्यंत डांबरी रस्ता असल्यामुळे ट्रेकवाले नाक मुरडतात, पण उताराच्या सरावाला याच्याइतकी सोयीची जागा आपल्याकडं नाही. पाय कुठं पडतोय याची काळजी नाही, सगळं लक्ष गुडघ्यावर ठेवता येतं. वर जाऊन सिद्धेश्वराच्या देवळात पाणी प्यायचं, खाली यायचं, पुन्हा वर. पाठीवर पाच किलो तांदळाची पिशवी. पहिल्या दिवशी दोन फेऱ्या, शनिवारी तीन. तांदूळ घरच्याच डब्यातला, त्यामुळे परत आल्यावर बायको वजन करून घेते.

काकांकडून शिकलेलं: पाऊल बारीक, गुडघा किंचित वाकलेला, शरीर मागं झुकवायचं नाही. मागं झुकलं की टाच घसरते, आणि मग माझ्यासारखं बूड शेकतं. मेहुण्यानं अॅल्युमिनियमच्या दोन काठ्या घेतल्यात. उतरताना दोन्ही काठ्या पुढं टेकल्या तर गुडघ्यावरचा भार खरंच कमी होतो, मी वापरून बघितल्या. काकांनी एक हातात घेऊन वाकवून पाहिली आणि परत दिली.

बुटांबद्दल एवढंच की अर्धा नंबर मोठा घ्या आणि दुपारी घ्या, पाय सुजलेले असताना. उतारावर अंगठा पुढं आदळून नख काळं पडतं. माझं डावं पडलंय.

नाडी ७४. वजन अजून ८०.२, हा सगळा दोष कुंद्याचा.

आठवडा ८

वेळापत्रक पुन्हा मांडलं. जुनं असं होतं: दुसऱ्या दिवशी पारगड, तिसऱ्या दिवशी विश्रांती, चौथ्या दिवशी सगळ्यात लांबची चाल. कागदावर देखणं. पण पारगडाच्या पायऱ्या उतरल्यानंतर दुखणं कळसाला पोचणार ते तिसऱ्या-चौथ्या दिवशीच, म्हणजे नेमक्या लांबच्या चालीच्या सकाळी. आता पहिले दोन दिवस थोड्याशा चढउताराच्या हलक्या चाली, लांबची चाल तिसऱ्या दिवशी, चौथा दिवस मोकळा. पारगड पाचव्या दिवशी, आणि नंतर जे दुखायचं ते बेळगावात ऑफिसच्या खुर्चीत दुखू दे. तानाजी मालुसऱ्यांचे चिरंजीव रायबा हे पारगडाचे पहिले किल्लेदार, त्यांचे वंशज अजून गडावर राहतात. अशा ठिकाणी लंगडत जायची मला लाज वाटली असती.

लांबच्या चालीचा अंदाज: १८९२ मध्ये विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं घालून दिलेला हिशेब अजून चालतो. दर पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास. आमचे १२ किलोमीटर आणि ५०० मीटर चढ, म्हणजे सव्वातीन तासांच्या जवळ. हा गडी तंदुरुस्त स्कॉटिश माणसांचं बोलत होता. आम्हाला दीडपट, म्हणजे पाच तास. उताराचा वेळ त्यात वेगळा धरलेला नाही, म्हणून वर अर्धा तास माझ्याकडून.

आता हत्ती. २००२ मध्ये दांडेली-खानापूरच्या बाजूनं हत्ती सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात उतरले आणि तेव्हापासून तिलारी, चंदगडच्या पट्ट्यात त्यांचा वावर आहे. सूर्योदय बघायला पहाटे पाचला अंधारात निघायचं हे मेहुण्याचं स्वप्न होतं. ते खोडलं. उजाडल्यावर निघायचं, दिवे लागायच्या आत घरी, आणि रोज सकाळी मालकांना विचारायचं की आज कुठल्या बाजूला आहेत.

दुसरी गोष्ट दिसत नाही म्हणून जास्त सांगतो: गोचीड. माकडतापाचा विषाणू गोचिडांतून येतो. हा ताप १९५७ मध्ये शिवमोग्ग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला, २०१६ पासून दोडामार्गातही रुग्ण सापडले. पावसाळा संपल्यापासून उन्हाळ्यापर्यंत गोचिडांचा जोर असतो, म्हणजे आमची तारीख त्यात येते. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, रानात पाचोळ्यावर बसायचं नाही, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि सगळ्यांनी अंग तपासायचं. परतल्यावर आठ-दहा दिवसांत जोराचा ताप आला तर डॉक्टरांना सांगायचं की आम्ही कुठल्या रानात होतो.

चौथ्या, मोकळ्या दिवसाचा कार्यक्रम बायकोनं लिहिलाय: सकाळी सूर्यनमस्कार, तिळाच्या तेलानं मालिश, नदीवर कपडे धुणे, दुपारची झोप. वेलनेस झालंच की. फोन पेटीत. मेहुण्यानं "अर्जंट असेल तर?" असं विचारलं, तिनं उत्तर दिलं नाही.

आठवडा ९

पुन्हा वैजनाथ, पुन्हा तीच वाट. पाऊस नाही, वाट कोरडी. चढायला गेल्या वेळेपेक्षा चारच मिनिटं कमी लागली. उतरायला मात्र एकोणीस मिनिटं कमी, आणि बूड जमिनीला टेकलं नाही. पाण्याची बाटली प्रत्येकी दोन लिटर. त्यातल्या एका लिटरमध्ये सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. साखर बघून मी कुरकुरलो, तेव्हा काका म्हणाले तुझं तू साधं पी. काकांची रक्तदाबाची गोळी चालू आहे, तेव्हा मिठाचं पाणी त्यांनीही डॉक्टरांना विचारूनच प्यायचं, असं मी म्हटलं. मग दोघांनीही साधंच प्यालं, गूळ-शेंगदाणे खाल्ले.

मंगळवारी ऑफिसचा जिना सरळ उतरलो. वॉचमन बघत होता. "साहेब, बरं वाटालंय का आता?" म्हणाला.

नाडी ७१, वजन ७८.६. सहा आठवडे उरलेत. मेहुण्याचा उताराचा रकाना अजून कोराच आहे, म्हणून रविवारी येळ्ळूरला तांदळाची पिशवी त्याच्या पाठीवर जाणार. वाडीतल्या मालकांचा काल फोन आला होता. मोकळ्या दिवशी कोंबडा कापू काय, विचारत होते. सगळे माझ्याकडं बघायला लागले.