ठाणे ते नागपूर, व्हाया अरबी समुद्र

मुंबई ते नागपूर हवाई अंतर सुमारे 680 किलोमीटर. रेल्वेने तेच 837 आणि भिवंडीजवळच्या आमण्यापासून समृद्धी महामार्गाने 701. आकडे बघितले तर विमानाला तोड नाही. फक्त ठाणेकराला मुंबई विमानतळावरून पूर्वेच्या नागपूरला जायचं तर आधी पश्चिमेला अंधेरीकडे जावं लागतं, आणि हे अंतर कोणी मोजत नाही.

डिसेंबरातली दुपार होती. घोडबंदर रोडवर मेट्रोचे खांब, माजिवड्याला नेहमीचा चक्का जाम, पुढे मुलुंड, ऐरोलीचा फाटा, मग विक्रोळीहून लिंक रोड. पवईला गाडी जी थांबली ती थांबलीच. ड्रायव्हरकाका म्हणाले, "मॅडम, एवढ्या वेळात कसारा आला असता." खरंच आला असता! पुढे सिक्युरिटी, गेट, बस, सगळं नेहमीसारखं.

मुंबईत वारा बहुतेक वेळा समुद्राकडून येतो आणि विमानाला वाऱ्याला तोंड देऊनच उडायचं असतं. त्यामुळे आमचं विमानही आणखी पश्चिमेलाच पळालं. जुहूवरून थेट पाण्यावर. मग मोठं वळण घेऊन मागे फिरलं आणि डावीकडच्या खिडकीत काय दिसावं? ठाण्याची खाडी, पारसिकचा डोंगर आणि धुरकटात उभे आमचेच टॉवर! घरातून निघून तीनेक तास झाले होते आणि मी पुन्हा घराच्या आसपासच होते. हसूच आलं. नंतर उल्हास नदी, मग शहापूरकडची धरणं आणि एकदम सह्याद्रीची भिंत. तिच्यापलीकडे देश सपाट आणि पिवळट.

तिकिटावर दीड तासाहून जास्त वेळ छापलेला असतो, पण त्यात जमिनीवरची रांगही धरलेली असते. प्रत्यक्ष हवेत आम्ही जेमतेम सव्वा तास होतो. थंडीत वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, जाताना ते पाठीशी असतात. येताना तेच समोरून येतात, म्हणून परतीला थोडा जास्त वेळ लागतो.

मला मजा वाटली ती अंधाराची. घड्याळ एकच, पण नागपूर सहा रेखांशांनी पूर्वेला, त्यामुळे डिसेंबरात तिथे सूर्य मुंबईच्या जवळजवळ अर्धा तास आधी मावळतो. ठाण्यात अजून ऊन असायच्या वेळेला नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरले तर दिवे लागलेले आणि हवेत चांगलाच गारठा.

विमानतळ गावालाच चिकटून. मावशीच्या घरी पोचायला वीस मिनिटंही लागली नाहीत. दारातच तिने विचारलं, "सकाळपासून उपाशीच हाय का वं पोरी?" तिच्या हिशेबात मुंबईहून येणं म्हणजे अख्खा दिवस. दारापासून दारापर्यंत धरलं तर ती फार चुकत नव्हती.

परतीचं तिकीट मात्र विदर्भ एक्सप्रेसचं काढलं. तीही रात्रभर घेते, पण झोपेत. आणि ठाण्याला थांबते.