गोळी कुठे थांबणार?

आजोळी, रत्नागिरीकडे, भात पोटरीला आलं की रात्री रानातून बार ऐकू यायचे. शिकारीला १९७२च्या कायद्याने बंदी, पण ठासणीच्या बंदुका घरोघरी होत्या आणि डुकरं शेतं उकरत होती. मी सातवीत असताना वाडीतल्या एका काकांच्या मांडीत छर्रे घुसले. झुडपात खसफस झाली, दुसऱ्याला वाटलं डुक्कर. काका वाचले, पाय मात्र कायमचा अधू झाला. बार काढणारा त्यांचा शेजारीच. पुढे कितीतरी वर्षं तो त्यांच्या अंगणासमोरून मान खाली घालून जाताना मी पाहिलाय.

त्यामुळे इथे अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात, ऑफिसातल्या मित्राने हरणाच्या शिकारीला बोलावलं तेव्हा पहिली दोन वर्षं मी नकोच म्हटलं. तिसऱ्या वर्षी त्याचे वडील म्हणाले, "आधी कोर्स कर. मग नको वाटलं तर नको." १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना इथे हंटर एज्युकेशनचा, म्हणजे सुरक्षित शिकारीच्या कोर्सचा, दाखला असल्याशिवाय सहसा शिकारीचा परवानाच मिळत नाही. प्रौढांना तो ऑनलाइनही करता येतो. मी वर्गात बसून केला, आणि बरं झालं.

वर्गात बहुतेक मुलं बारा-तेरा वर्षांची. शिकवणारे गावातलेच शिकारी, विनामोबदला. मुख्य नियम चारच: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची, नळीचं तोंड नेहमी सुरक्षित दिशेला, नेम कशावर आहे आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे काय आहे याची खात्री, आणि बार काढायचं ठरेपर्यंत बोट चापाच्या कडीबाहेर. ऐकायला सोपं वाटतं. पण हातात रायफल असताना मास्तरांनी काही विचारलं आणि मी उत्तर द्यायला वळलो. त्यांनी वर्ग तिथेच थांबवला.

"तुझी नळी आत्ता कुणावरून गेली?"

मला कळलंच नव्हतं. बाजूच्या मुलीने सांगितलं, "माझ्या गुडघ्यांवरून."

बंदूक रिकामी होती, बोल्ट (काडतूस आत सरकवणारा खटका) उघडा होता. तरी मला घाम फुटला. त्या मुलीचे गुडघे आणि काकांची मांडी डोळ्यांपुढे एकच झाली. त्या दिवसापासून मी घरी झाडू हातात धरून वळायचा सराव केला: आधी टोक जमिनीकडे किंवा आभाळाकडे, मग अंग.

कुंपण ओलांडायलाही तिथेच शिकलो. काडतुसं काढायची, बोल्ट उघडा ठेवायचा, बंदूक तारेखालून पलीकडे सरकवून ठेवायची, तोंड आपल्यापासून दूर, आणि मग आपण बाजूने ओलांडायचं. पण सगळ्यात जास्त वेळ गेला तो 'पलीकडे काय' यावर. साधी पॉइंट टू-टूची (छोट्या रायफलची) गोळीसुद्धा मैलभर जाते, हरणासाठीच्या रायफलची त्याच्या कितीतरी पुढे. हरणाला लागली तरी आरपार जाऊ शकते.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. आदल्या दुपारी मित्राच्या वडिलांनी मला सगळं शेत पायी फिरवलं. टेकाडावर उभे राहिले आणि पलीकडचा शेजाऱ्यांचा गोठा दाखवला. "इथून उत्तरेला कधीच नाही. कितीही मोठा नर आला तरी."

पहाटे भडक केशरी जाकीट घालून झाडावरच्या मचाणावर चढलो. जमिनीवरून पाय उचलण्याआधीच अंगभर बांधलेला सुरक्षा पट्टा दोराला अडकवलेला, रायफल रिकामी, वर पोचल्यावर दोरीने ओढून घेतलेली. उजाडताना टेकाडाच्या माथ्यावर हरिण आलं. सत्तर-ऐंशी पावलांवर, आडवं उभं, शिंगांमागे नुसतं आभाळ. दुर्बिणीत श्वासाची वाफ दिसत होती. बोट लाकडी दस्त्यावरच सरळ ठेवलं. त्या वेळी गोठ्यात दूध काढायला माणसं असतात. हरिण पाच-सहा मिनिटं चरलं आणि पलीकडे उतरलं. माझे हात त्यानंतर थरथरायला लागले.

चारच्या सुमारास एक मादी ओढ्याच्या बाजूने आली. मी वर, ती खाली, मागे मातीची उंच दरड. सेफ्टी काढली. एकच बार.

अर्धा तास थांबून, रायफल रिकामी करून, दोरीने खाली सोडून उतरलो. ती फार लांब गेली नव्हती. मित्राचे वडील आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग मी ओढा ओलांडून दरडीकडे गेलो. ओल्या मातीत, माझ्या कमरेच्या उंचीवर, भोक होतं. बोट घातलं तर पूर्ण आत गेलं, तरी गोळी बोटाला लागली नाही. ते मागे उभे होते. म्हणाले, "सापडलं?"

"हो," मी म्हटलं. "इथे थांबली."